डेन्स कापड

मोहाडीच्या कोष्टीपुऱ्यात नंदलाल परातेचा हात जड म्हणून ओळखला जायचा. विणताना तो फणीचा ठोका असा मारायचा की शेजारच्या घरातल्या भांड्यांना कळायचं. त्याने विणलेला कोसा, म्हणजे टसर रेशीम, हाताला चामड्यासारखा लागे. व्यापारी म्हणत, काकाजी, जरा मोकळं विणा, सूत कमी लागेल, माल स्वस्त पडेल. नंदलाल ऐकून घेई आणि आपल्याच ठोक्याने विणत राही. त्यामुळे त्याच्याकडे काम कमी यायचं, पण यायचं ते करवती काठाच्या साड्यांचं, चांगल्यापैकी यायचं.

घरात दोन माग होते. मोठा मुलगा अंकुश चिखल्याच्या खाणीवर ट्रक चालवायला गेला तेव्हापासून दुसरा माग बंद होता, त्याच्यावर गोधड्या ठेवलेल्या असत. कुसुमताई, म्हणजे नंदलालची बायको, कांड्या भरायची, ताणा जोडायची, तुटलेले धागे सांधायची. गावातल्या सगळ्या कोष्टी बायका हेच करत. धाकटी हर्षा मोहाडीच्याच कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होती. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी ती पाळण्यात होती, असं कुसुमताई तिचं वय सांगताना सांगायची. इंग्रजी वाचता येणारी ती घरातली पहिलीच. बँकेचे, सोसायटीचे, मोबाइल कंपनीचे सगळे निरोप तिच्याकडे यायचे आणि ती जो अर्थ सांगेल तो घरात शेवटचा असायचा.

दिवाळीनंतर नागपूरच्या इतवारीतून चंदनचा फोन आला. चंदन हा कापडाचा दलाल. बाहेरदेशी माल पाठवायचा, आणि भंडाऱ्याकडच्या विणकरांना कामं द्यायचा. त्याने सांगितलं की स्कॉटलंडच्या एका बाईला कोशाची डोक्यावर घ्यायची कापडं हवी आहेत, काठ नको, रंग नको, कोशाचा मूळचाच रंग हवा. बाईने काय लिहिलं ते त्याने हर्षाच्या मोबाइलवर पाठवलं. सोबत एका जुन्या चित्राचा फोटो होता. चित्रात एक गोरी बाई उभी होती आणि तिच्या डोक्यावरचं कापड दोन्ही बाजूंनी खांद्यापासून दूर, ताठ उभं राहिलेलं होतं.

हर्षाने मजकूर वाचला. लांबी होती, रुंदी होती, आणि कापडाच्या नावाच्या जागी एकच शब्द होता, डेन्स. तिने तो मोबाइलमध्ये टाकला. मोबाइलने विचारलं, तुम्हाला शेवटी ‘ई’ असलेला शब्द म्हणायचा आहे का, आणि त्या शब्दाचा अर्थ दाखवला: दाट, घट्ट. हर्षाला तरी शंका राहिली म्हणून तिने चंदनला फोन लावला. तो लाखनीजवळ हायवेवर होता, मागून ट्रकांचे हॉर्न येत होते. तो म्हणाला, मॅडम लोक असंच लिहितात, एखादं अक्षर सुटतं, तुला समजलं ना, मग झालं. नमुन्याचं कापड येणार आहे का, असं तिने विचारलं. नमुना यायला उशीर होईल, बाईला घाई आहे, फोटो बघून कामाला लागा, असं त्याने सांगितलं.

“बाबा, घट्ट कापड पायजे म्हणते बाई,” हर्षा म्हणाली.

नंदलालने मोबाइल हातात घेऊन तो फोटो बराच वेळ पाहिला. आपल्याला वाचता येत नसलेला तो शब्दही पाहिला. मग म्हणाला, “या बाईले कापड समजते.”

तो त्या दिवसांत खुशीत होता. आयुष्यभर ज्यासाठी त्याने बोलणी खाल्ली तेच कोणीतरी सातासमुद्रापलीकडून मागितलं होतं. त्याने बारीक फणी लावली, ताण्याला जास्त धागे घेतले आणि रोज सकाळपासून बसायला लागला. पहिलं कापड मागावरून उतरलं तेव्हा कुसुमताईने ते धुतलं, वाळवलं आणि सहज डोक्यावरून घेऊन पाहिलं. ते डोक्यावर टिकेना. पदरासारखं अंगावर पडेचना.

“हे पडून नाही राहिलं अंगावर,” ती म्हणाली.

“तिकडं थंडी असते,” नंदलाल म्हणाला. “त्यायले असंच लागते.”

हर्षानेही फोटोकडे बोट दाखवलं. चित्रातल्या बाईचं कापड तसंच ताठ होतं. घरात इंग्रजी हर्षाला येत होतं आणि विणणं नंदलालला. कुसुमताईने कापडाची घडी करून पेटीत ठेवली.

संक्रांत झाल्यावर ती बाई स्वतःच आली. चंदनने तिला आपल्या गाडीतून आणलं. तिचं नाव एल्सी. साठीची, ठेंगणी, उन्हाने नाक सोललेलं, पाठीवर कॉलेजच्या पोरीसारखी पिशवी. गल्लीतली मुलं दाराशी जमली. एल्सीने आधी माग पाहायला मागितला. नंदलाल मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसला आणि त्याने दोन वीत विणून दाखवलं. ती त्याच्याशेजारी जमिनीवर कशीबशी मांडी घालून बसली आणि ताण्यातून इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याकडे बघत राहिली. मग कुसुमताईने पेटीतून कापडं काढली.

एल्सीने पहिलं कापड उजेडात धरलं, बोटांत चोळलं, आणि फार सुंदर आहे असं म्हणाली. तेवढं इंग्रजी नंदलाललाही कळलं. मग तिने ते डोक्यावर घेतलं. कापड सुपासारखं तिच्या डोक्यावर उभं राहिलं. तिने ते दाबून खाली केलं, ते पुन्हा उभं राहिलं. दुसरं घेतलं, तेही तसंच. तिने चंदनकडे वळून हळू आवाजात काहीतरी विचारलं.

चंदनने उत्तर दिलं. हर्षा चहाचे कप घेऊन आतल्या दारात उभी होती. चंदनचं इंग्रजी तिच्यापेक्षा भरभर होतं, पण तिला तेवढं समजलं. तो सांगत होता की गावातले विणकर आहेत, त्यांनी आपल्या मनानेच बदल केला.

हर्षाने कप खाली ठेवले, मोबाइल घेतला आणि एल्सीसमोर तो मजकूर धरला. तिला बोलायचं होतं ते आधी मनात जुळवावं लागलं. तुम्हीच घट्ट म्हणून लिहिलं आहे, असं ती म्हणाली, आणि त्या शब्दावर बोट ठेवलं.

एल्सीने चष्मा लावून पाहिलं. मग तिने चष्मा काढला आणि तोंडावर हात ठेवला. तिला हसू आलं होतं, पण घरातल्या माणसांचे चेहरे पाहून ते ओठांवरच राहिलं. ती हर्षाला सावकाश समजावून सांगायला लागली आणि हर्षा एकेक वाक्य आईबापांना सांगत गेली.

एल्सीचं गाव स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर होतं. समोर समुद्र, आणि समुद्रापलीकडे डेन्मार्क नावाचा देश. चार-पाचशे वर्षांपूर्वी तिकडची जहाजं या बाजूला यायची, व्यापारी यायचे, कधी त्यांच्या बायकाही यायच्या. त्याची आठवण म्हणून गावात दर उन्हाळ्यात जत्रा भरते. अर्धं गाव स्थानिक माणसांची सोंगं घेतं, अर्धं गाव पाहुण्यांची. सगळ्यांचे कपडे एल्सी शिवते. ही कापडं डेन्मार्कहून आलेल्या बायकांसाठी होती. जहाजातून उतरून त्या गावात चालत येतात, वाऱ्यावर त्यांच्या डोक्यावरची कापडं उडतात, ते लोकांना फार आवडतं. चित्रातलं कापड ताठ दिसतं ते खळ लावल्यामुळे. तिला हवं होतं ते हवेसारखं हलकं.

“मग डेन्स म्हणजे काय?” हर्षाने विचारलं.

एल्सीने सांगितलं की डेन्स म्हणजे डेन्मार्कचं. हा शब्द इंग्रजी नाही. तिच्या देशाची जी जुनी बोली, स्कॉट्स, तिच्यातला तो शब्द आहे, आणि आता तिकडेही तो कोणी बोलत नाही, फक्त जुन्या लिखाणात सापडतो. तिला तो आवडतो म्हणून ती आपल्या कामात वापरते.

हे सगळं हर्षाने सांगितल्यावर नंदलालने तिला विचारायला लावलं की डेन्स म्हणजे तिथला माणूस, का तिथलं कापड?

एल्सी म्हणाली, सगळंच. माणसं डेन्स, त्यांची भाषा डेन्स, त्यांची जहाजं डेन्स. त्यांच्याकडून आलेली कुऱ्हाडसुद्धा डेन्स कुऱ्हाड.

“म्हणजे बालाघाटीसारखं,” नंदलाल म्हणाला. “मानूस बालाघाटी, बोली बालाघाटी, बाजारात बैल आला तं तोही बालाघाटी.”

हर्षाने ते एल्सीला समजावलं. एल्सीला ते फार पटलं. तिने बालाघाट कुठे आहे ते विचारलं, नंदलालने उत्तरेकडे, मध्य प्रदेशाच्या बाजूला हात केला. तेवढा वेळ घरातलं वातावरण जरा हलकं झालं. हर्षाने विचारलं की इंग्लंड-स्कॉटलंडच्या लोकांना इंग्रजीशिवाय आणखी बोली असते का. एल्सी म्हणाली, असते. माझी आजी तीच बोलायची. शाळेत बोललं की मास्तर हातावर पट्टा मारायचे, म्हणायचे, हे बिघडलेलं इंग्रजी आहे, नीट बोला. हर्षाला अकरावीचा वर्ग आठवला. शिकवणाऱ्या बाई नागपूरच्याही नव्हत्या, पुण्याकडच्या होत्या. हर्षा उभं राहून “मले वाटते” म्हणाली आणि सगळा वर्ग हसला, मोहाडीचीच पोरं, घरी तेच बोलणारी. एल्सीला हे सांगावंसं तिला वाटलं, पण त्यासाठी लागणारं इंग्रजी तिच्यापाशी नव्हतं.

चंदन एवढा वेळ दारात फोन घेऊन उभा होता. त्याने नंदलालला अंगणात बोलावलं. हर्षा मागोमाग गेली. चंदनचं म्हणणं साधं होतं. बाई माल घेणार नाही. सूत वाया गेलं ते कोणाच्या अंगावर, याची चर्चा आता तिच्यासमोर करू नका. चूक विणकराकडूनच झाली असं राहू द्या, म्हणजे तिचा आपल्यावरचा विश्वास तरी राहील आणि पुढची कामं येतील. नंदलाल मान खाली घालून ऐकत होता. तो चंदनला कधी उलट बोलला नव्हता.

हर्षा आत आली आणि एल्सीसमोर बसली. ती हळूहळू, थांबत थांबत बोलली. तिने सांगितलं की मला शब्द समजला नव्हता, मी या दादाला फोन करून विचारलं होतं, तो म्हणाला अक्षर सुटलं असेल. नमुना मागितला होता, तो आला नाही. पण घट्ट विणा असं वडिलांना मीच सांगितलं.

“चूक माझी आहे. वडिलांनी माझं ऐकलं,” ती म्हणाली.

एल्सीने चंदनकडे पाहिलं. तो अंगणातून आत आला होता. त्यानंतर ती त्याच्यामार्फत बोलली नाही, सगळं हर्षाशीच बोलली. ती म्हणाली की चूक माझीही आहे. ज्याला कोणीच ओळखत नाही असा शब्द मी लिहिला आणि समोरच्याला तो कळेल असं धरून चालले. झालेल्या कापडांतली काही ती घेईल. जहाजावरच्या पुरुषांचे कोट त्यांचे चांगले होतील. बाकीच्यांचं तिला काही करता येणार नाही. पण जत्रा जूनमध्ये आहे. एप्रिल संपेपर्यंत हलकी कापडं देता येतील का? पिशवीतून तिने एक जुनं, वापरून मऊ झालेलं लिननचं कापड काढलं आणि नमुना म्हणून कुसुमताईच्या हातात दिलं.

नंदलाल म्हणाला, देतो.

गाडी गेल्यावर तो लगेच मागावर बसला. दोन दिवसांत त्याने जुना ताणा काढला, मोकळी फणी लावली, बारीक सूत घेतलं आणि सुरू केलं. पण हात ऐकेना. तो आठवण ठेवून हलका ठोका मारी तेवढा भाग जाळीसारखा विरळ येई, आणि विचार दुसरीकडे गेला की हात आपल्या सवयीवर जाई आणि तिथे घट्ट पट्टा उठे. उजेडात धरलं की कापडावर पांढऱ्या-काळ्या पट्ट्या दिसत, उन्हात वाळत घातलेल्या चटईसारख्या. त्याने ते कापून टाकलं. दुसऱ्यांदा केलं, तेही तसंच झालं. तिसऱ्यांदा बारीक सूत त्याच्या ठोक्याने तुटायला लागलं. तो जेवायला उठेना. हर्षाशी तो रागाने बोलला नाही, पण साधंही बोलला नाही. हर्षा कॉलेजातून येऊन न सांगता कांड्या भरायला बसू लागली.

कुसुमताई हे आठवडाभर बघत होती. एका दुपारी नंदलाल मागाच्या खड्ड्यात नुसताच बसून होता, हात मांडीवर. ती त्याच्यामागे उभी राहिली.

“मी बसू का?” ती म्हणाली.

त्याने मान वळवून पाहिलं.

“आंधळगावले बसत होती मी,” ती म्हणाली. “लग्नाच्या आधी.”

हे त्याला माहीत होतं. कुसुमताईच्या बापाला मुलगा नव्हता. आंधळगावात तीच मागावर बसायची आणि तिच्या हाताची लुगडी मोहाडीच्या बाजारात यायची. पोरगी पाहायला गेले तेव्हा तिच्या बापाने ते कौतुकाने सांगितलं होतं. तेव्हा नंदलालची आई म्हणाली होती, आमच्या घरी बाया मागावर नाही बसत. नंदलाल तिथेच होता आणि काही बोलला नव्हता. त्यानंतर तो विषय घरात पुन्हा निघाला नव्हता. आई जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, तरी निघाला नव्हता.

आताही त्याने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. तो उठून बाहेर गेला. हर्षाला वाटलं आता काहीतरी होणार. पण थोड्या वेळाने तो दोरी आणि खिळे घेऊन आला. दुसऱ्या मागावरच्या गोधड्या त्याने काढून खाटेवर टाकल्या, सैल झालेल्या दोऱ्या सोडल्या, नव्या बांधल्या, पायाखालच्या पट्ट्या दोन बोटं वर घेतल्या. कुसुमताई त्याच्यापेक्षा बुटकी होती.

पहिला हप्ता वाईट गेला. कुसुमताईची कंबर धरली, पाय सुजले, गुडघे दुखायला लागले, धोटा दोन-तीनदा मागाबाहेर जाऊन पडला. कापडाची कड वाकडीतिकडी येत होती. नंदलाल समोर बसून बघायचा. काही सांगावं असं त्याच्या ओठांवर यायचं आणि तो उठून बाहेर जायचा. एकदा मात्र तो म्हणाला की डावा पाय लवकर सोडतेस. तिने पाहिलं, ते खरं होतं. तिने पाय सुधारला.

मग हात परत आला. तिचा ठोका असा होता की फणी कापडाला नुसती टेकायची आणि मागे यायची. विणलेला तुकडा तिने एल्सीच्या नमुन्याशेजारी ठेवला, हर्षाने दोन्ही खिडकीत धरले. कोशाला आपली चमक होती, लिननला नव्हती, पण पडायला दोन्ही सारखे होते. नंदलालने तो तुकडा हातात घेतला, हवेत सोडला, तो खाली यायला वेळ लागला.

“असं विणता येते तुले,” तो म्हणाला.

“येत होतं,” कुसुमताई म्हणाली.

शेजारच्या सुमनबाईने गल्लीत विचारपूस केली की परात्यांकडचा माग बंद पडला का, आवाज येऊन नाही राहिला. बघायला आली तर कुसुमताई मागावर आणि नंदलाल चुलीपाशी वांगी चिरत बसलेला. सुमनबाई दारातूनच म्हणाली की आता बायका मागावर अन् मानसं चुलीवर, कलियुग म्हणतात ते हेच. नंदलालने वर न पाहता सांगितलं की मीठ कमी पडते माझ्या भाजीत, तू सांगून जा किती टाकायचं. सुमनबाईने सांगितलं आणि ती गेली. गल्लीत चार दिवस बोलणं झालं. पाचव्या दिवशी तिच्याच सुनेने येऊन कुसुमताईला विचारलं की शिकायला किती दिवस लागतात.

घट्ट कापडांचं काम नंदलालने आपल्याकडे घेतलं. एल्सीने नेलेली सोडून जी उरली होती ती घेऊन तो भंडाऱ्याला एका शिंप्याकडे गेला. तो शिंपी पुढाऱ्यांची जाकिटं शिवायचा. जाकिटाला अस्तर लागू नये असं कापड त्याने पहिल्यांदाच पाहिलं होतं. त्याने अर्धी लगेच ठेवून घेतली, बाकीची हळूहळू घेईन म्हणाला. काही शेवटपर्यंत पेटीतच राहिली, हर्षाच्या लग्नात कामी येतील म्हणून.

एप्रिलमध्ये ऊन चढलं. मागाच्या खोलीवर पत्रे होते. कुसुमताईला एका दुपारी घेरी आली, मग हर्षाने तिला सकाळीच बसायचं आणि ऊन चढायच्या आत उठायचं असा नियम घालून दिला. त्यामुळे ठरलेली सगळी कापडं झाली नाहीत. हर्षाने एल्सीला तसं कळवलं, कारणही कळवलं. एल्सीने उत्तर दिलं की झाली तेवढी पाठवा, या वर्षी जहाजातून कमी बायका उतरतील.

जूनच्या शेवटी व्हिडिओ आला. पावसाने गल्लीत चिखल झाला होता आणि तिघं ओसरीत बसली होती. हर्षाने मोबाइल मधे धरला. दगडी रस्ता होता, दोन्हीकडे लोक उभे होते, मागे समुद्र. रस्त्यावरून बायका ओळीने चालत येत होत्या, लांब काळे झगे, आणि डोक्यावर कुसुमताईने विणलेली कापडं. वारा आला की सगळी कापडं एकदम एका बाजूला जायची आणि बायका हसत ती धरायच्या. त्यांच्यामागे पुरुष होते. त्यांच्या अंगातले कोट ओळखून नंदलाल पुढे वाकला. कोणीतरी ढोल वाजवत होतं आणि लोक एक शब्द ओरडत होते. तो डेन्स होता का, ते वाऱ्यात नीट ऐकू आलं नाही.

कुसुमताईने तो व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. तिचं बायकांकडे लक्ष नव्हतं.

“थांबव,” ती म्हणाली. हर्षाने थांबवला. “ही चौथी बाई. हिच्या कापडाची कड वाकडी आहे. पहिल्या हप्त्यातलं आहे ते.”

नंदलालने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. “कोणाले दिसत नाही,” तो म्हणाला.

“मले दिसते,” ती म्हणाली.

हर्षाने एल्सीला काय कळवायचं ते विचारलं. कुसुमताई म्हणाली, ते एक कापड परत पाठव म्हणा, बदलून देतो. हर्षाने लिहिलं. एल्सीने कळवलं की ते तिने स्वतःसाठी ठेवलं आहे आणि ती ते परत देणार नाही.

दिवाळी जवळ आल्यावर चंदनचा फोन आला. मधले सगळे महिने तो बोलला नव्हता, माल न्यायला माणूस पाठवला होता तेवढंच. त्याने हर्षाची चौकशी केली, अंकुशची केली, आणि मग सांगितलं की त्या बाईकडून पुन्हा मागणी आली आहे, या वेळी जास्त आहे, काकाजींना द्या. हर्षाने फोन नंदलालकडे धरला. नंदलालने तो घेतला नाही. त्याने मागाकडे हात केला.

कुसुमताईने पदराला हात पुसून फोन कानाला लावला. चंदनने सगळं पहिल्यापासून सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“हे पहा बाबू,” ती म्हणाली, “विणणारी मी आहे. माह्याशी बोला. नमुना आधी येऊ द्या, मंग सांगतो होते का नाही. अन् उन्हाळ्यात मी बसत नाही.”

पलीकडून काही बोलणं झालं. ती मधेमधे “हो” म्हणत राहिली, एकदा “नाही” म्हणाली. जेवढं मागितलं होतं त्याच्या निम्म्याला ती तयार झाली. फोन ठेवल्यावर तिने हर्षाला विचारलं की तिकडून नमुना यायला किती दिवस लागतात. हर्षा म्हणाली, पंधरा-वीस तरी.

“मंग तोवर घुटने दाखवून येतो भंडाऱ्याले,” कुसुमताई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती आणि नंदलाल दोघंही गेले. हर्षा दारापर्यंत आली आणि मग कॉलेजची पिशवी घेऊन तीही निघाली.